देवाचा उजवा

कुसळवाडी, ता. खानापूर
१२ जून १९८३

प्रिय मित्र भीमसेन यास,
भावकूचा सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी सकाळी मी जे केलं ते आधी लिहितो, मग कामाचं.

उजाडायच्या आधीच विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या पंचानिशी देवळाकडं निघालो. धुकं इतकं खाली आलं होतं की दीपमाळ दिसली नाही, हाताला लागली. आपला रवळू गुरव लेकीच्या बाळंतपणाला नंदगडला गेलाय. तो नसला की पूजा आमच्या घराकडं असते, हे तुला माहीत आहे. रवळनाथाला आंघोळ घातली, गंध लावलं, समई लावली. मग तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या छातीवर चिकटवल्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला, आणि समोर उभा राहून म्हटलं, "देवा, अंजनाला सायन्सला घालू का? घालायचं असेल तर उजवा दे, नको असेल तर डावा."

कौल आजवर रवळूनंच लावलेला, त्याच्या आधी त्याच्या बापानं. आम्ही डोकं टेकून नुसतं ऐकायचं, 'उजवा दिला' नाहीतर 'डावा दिला'. पाकळी पडताना मी जन्मात कधी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. किती वेळ उभा होतो कोण जाणे. समईची ज्योत हलत नव्हती. बाहेर धुक्यात एक पाखरू एकच सूर परत परत लावत होतं. मला वाटू लागलं की आपण देवळात नाही, कुठल्यातरी डोहाच्या तळाशी उभे आहोत आणि वर कुठंतरी सकाळ होते आहे. मग उजवीकडची पाकळी सुटली. इतकी सावकाश, की तिला पडली म्हणवत नाही.

मी तिथंच हात जोडले. अंजना सायन्सला जाणार.

आता कामाचं. पोरगी दहावीची एस.एस.एल.सी. फर्स्ट क्लासमध्ये पास झाली हे तुला कळलंच आहे. पुढं कॉलेजात, पी.यू.सी.ला, ती बेळगावात, वडगावला माझ्या मालुआक्काकडं राहील. इथवर सगळं गोड. पण ती म्हणते आर्ट्सला जाणार आणि भूगोल घेणार. आक्काचे यजमान, आमचे शामू दाजी, निकालाचा पेढा तोंडात ठेवूनच म्हणाले, "भूगोल? नकाशे इकनार काय गं? शनवार खुटाच्या चौकात पाटी घिऊन?"

अंजना म्हणाली, "इकीन की मामा. पयला तुमालाच इकते. वडगावातनं टेशनाला जाताना दर टायमाला रस्ता चुकतासा."

सगळे हसले. मी हसलो नाही. पावसाळ्यात इथून आजारी माणूस कसा न्यावा लागतो ते तू पाहिलं आहेस. खुर्चीला बांबू बांधायचे, चौघांनी खांद्यावर घ्यायचं, आणि ओढ्याला पाणी असलं तर अलीकडं बसून ते उतरायची वाट बघायची. या गावातली एक मुलगी डॉक्टर होऊ शकेल एवढे मार्क तिला पडले, आणि ती डोंगर-नद्या पाठ करत बसणार. मला ठरवता येईना. देवावर टाकलं. देवानं सांगितलं.

आता तू एक कर. निपाणीत तू इतकी वर्षं भूगोल शिकवतोस. अंजनाच्या डोक्यात हे खूळ तूच घातलंस, ती लहान असताना, देवळामागच्या डोंगराच्या दांडावर. तूच काढ. दोन ओळी लिही तिला, सायन्स घे म्हणून. माझं ती मान खाली घालून ऐकते. तुझं मान वर करून ऐकेल.

मनुबाईचा नमस्कार.

तुझा,
भावकू

•

निपाणी
२० जून १९८३

प्रिय भावकू,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र एकदा शाळेत वाचलं, एकदा घरी. इथं वखारीतल्या तंबाखूचा वास घरभर असतो, तुझं पत्र उघडलं की तेवढ्यापुरता धुक्याचा येतो.

ते खूळ मला चांगलं आठवतं. मी गावी आलो होतो, पाऊस नुकताच उघडला होता. अंजना देवळामागच्या दांडावर बसून विचारत होती, छपरावरनं पडलेलं पाणी कुठं जातं. मी दोन पानं तोडून तिच्या हातात दिली. म्हटलं, हे पान उगवतीकडच्या वहाळात सोड, ते मलप्रभेला जाईल, तिथून कृष्णेला, आणि पार पूर्वेच्या समुद्राला. हे दुसरं मावळतीकडं सोड, ते म्हादईतून गोव्याच्या समुद्राला. तुमच्या देवाच्या छपराचं पाणी दोन समुद्रांना वाटलेलं आहे. तिनं पानं सोडली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली, आणि मला विचारलं, "आन् बरोब्बर मदी पडलेला थेंब कुनाचं ऐकतोय?"

याचं उत्तर मला अजून येत नाही. पण जिला हा प्रश्न पडला ती डोंगर-नद्या पाठ करायला निघालेली नाही, एवढं मला कळतं.

भावकू, तुझ्या-माझ्या वेळचा भूगोल पाठांतराचा होता. तो विषय तेवढा नाही. मी वर्गात पाऊस शिकवतो तेव्हा मला हवा आणि उष्णता शिकवावी लागते. माती शिकवताना रसायनशास्त्रात शिरावं लागतं. तंबाखू शिकवतो तेव्हा बाजार येतो, इतिहास येतो, वखारीत बसलेल्या बायका येतात. पोरं विचारतात, "सर, ह्यो नेमका कशाचा तास?" सगळ्या विषयांच्या बांधावरून चालत जाणारा असा हा एकच विषय मला माहीत आहे. तू लिहिलेली ती खुर्ची आणि चार खांदेकरी घे. ओढ्याला एवढं पाणी कुठून येतं, वाड्या अशा विखरून का बसल्या, रस्ता पलीकडून का गेला, डॉक्टर बेळगावात का राहतो. हे सगळं एका जागी ठेवून बघायचं, तर कुठल्या वर्गात बसशील?

म्हणून 'सायन्स घे' असं तिला मी लिहिणार नाही. 'घेऊ नको' असंही लिहिणार नाही. बाप तू आहेस.

एक विचारतो. कौल लावताना तू देवाच्या समोर तोंड करून होतास, की गुरव उभा राहतो तसा बाजूला? आणि पाकळी कुठल्या अंगाची सुटली ते जरा नीट लिही.

मनुवहिनींना नमस्कार.

तुझा,
भीमसेन

•

कुसळवाडी
२ जुलै १९८३

प्रिय भीमसेन,
नमस्कार.

तुझ्या पत्राचा शेवट वाचून वाईट वाटलं. तू देव मानत नाहीस, त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. पण माझ्या देवाची अशी उलटतपासणी करायची? तरी लिहितो. समोर तोंड करून उभा होतो. पाकळी सुटली ती माझ्या उजव्या हाताकडची. ज्या हातानं जेवतो, ज्या हातानं हे पत्र लिहितोय, त्या हाताकडची. झालं समाधान?

सत्तावीस तारखेला अंजनाला घेऊन बेळगावला गेलो आणि सायन्सला नाव घातलं. गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी म्हटलं, "काय गं, गप का?"

"कुठं काय आप्पा."

"द्येवानं सांगितलंय."

"व्हय."

एवढंच. नंतर तिनं खिडकीच्या काचेवर श्वास सोडला आणि वाफेवर बोटानं एक वाकडी रेघ ओढली. ती आपल्या दांडाची होती. मी ओळखली. इथून जांबोटीपर्यंतचा उतार, मधली खिंड, देवळाची जागा, सगळं त्या एका रेघेत होतं. मग तिनंच ती पदरानं पुसली.

वडगावात आक्काकडं तिला बरं आहे. आक्काच्या घरासकट घरोघरी विणायचे माग, दिवसभर खडखडाट. पोचल्याचं पत्र आलं, 'मी बरी आहे, अभ्यास चालू आहे.' पोस्टकार्डाची अर्धी बाजू रिकामी. आधी हिची पत्रं कडेकडेनंही लिहिलेली असायची.

मनुबाई परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरीला इचारलासा काय?"

"द्येवाला इचारलं."

"द्येवाला कालिजात बसायचं हाय व्हय?"

मी उठून गोठ्यात गेलो.

काल दुपारी जेवून जरा पडलो होतो. स्वप्नात मी देवळाच्या आढ्यावर बसलो होतो, अगदी लहान, थेंबाएवढा. एका बाजूला मालुआक्काच्या घरचे माग वाजत होते, दुसऱ्या बाजूला समुद्र. मी समुद्र पाहिलेला नाही, पण तोच होता. दोन्हींचा आवाज एकसारखा. मी कुणाला तरी विचारत होतो, कुठल्या बाजूला घरंगळू? खाली सगळ्यांची डोकी टेकलेली, कुणी वर बघेना. जागा झालो तर उजवा हात अंगाखाली दबून बधिर झाला होता.

देवानं एकदा सांगितलं की माझं मन निवतं, हा आजवरचा अनुभव. या खेपेला निवलं नाही. रोज पूजेला बसतो, तोंडानं स्तोत्र चालू असतं आणि डोळ्यांपुढं ती पुसलेली काच.

दाजी म्हणत होते, पंधरा जुलैपर्यंत कॉलेजात सेक्शन बदलून मिळतो. हे मी तुला का लिहिलं ते मलाही ठाऊक नाही.

तुझा,
भावकू

•

निपाणी
८ जुलै १९८३

प्रिय भावकू,
जय भीम.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तर पहिल्याच दिवशी तयार होतं. द्यावं की नाही हे ठरायला चार दिवस लागले.

उलटतपासणी मी करत नव्हतो. का विचारलं ते सांगतो.

आपली शाळा देवळात भरायची. तू आणि बाकी सगळे आत मंडपात, मी बाहेर चिंचेखालच्या कट्ट्यावर. आमच्या घरातल्या माणसाला उंबऱ्याच्या आत यायची मुभा नव्हती. गुरुजी भले होते, मला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं शिकवायचे. हे आत्ता तक्रार म्हणून लिहीत नाही. मी कुठं बसायचो ते तुझ्या डोळ्यांपुढं यावं, म्हणून लिहितोय. कट्टा दाराच्या बरोबर समोर. कुणी कौल लावायला आलं की गुरुजी धडा थांबवायचे आणि तुम्ही सगळे डोकी टेकायचा. तुमची डोकी खाली गेली की मला देव सरळ दिसायचा. मला कुणी डोळे मिटायला सांगितलं नव्हतं. आपल्या गावात गुरवाखेरीज पाकळी पडताना कुणी पाहिली असेल तर ती मी पाहिली आहे, आणि पुष्कळदा.

त्या वेळी मला एक कोडं पडायचं. पाकळी सुटायची माझ्या डाव्या हाताकडची, आणि गुरव ओरडायचा, "उजवा दिला!" दर वेळी असंच. मला वाटायचं गुरव लबाड आहे. शेवटी आईला, गंगव्वाला, विचारलं. ती शेणी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "येडा हैस काय रं? द्येव आपल्याकडं तोंड करून बसलाय न्हवं? मग त्येचा उजवा आपल्या डाव्याला येनार. तुझा उजवा इचारायला कोन बसलंय तितं?"

त्यानंतर कितीतरी दिवस मला चालता चालता थांबून मागं वळायचा नाद लागला होता. जाताना चिंच उजवीकडं, येताना डावीकडं. चिंच तर जागची हलत नाही. मग हलतं काय? पुढं मी भूगोल का घेतला असं लोक विचारतात, मी काहीतरी सांगतो. खरं सांगायचं तर ती शेण थापणारी गंगव्वा आठवते.

भावकू, तुझ्या उजव्या हाताकडची पाकळी ही देवाची डावी.

आता चार दिवस का लागले. मी कौल मानत नाही. ओल सुकली की पाकळी सुटते, यापलीकडं मला त्यात काही दिसत नाही. मग हे तुला सांगणं म्हणजे तुझ्या देवाच्या तोंडून माझा विषय वदवून घेणं झालं. आणि सांगू नये, तर तू विश्वासानं सगळं लिहिलंस आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं झाकून ठेवलं, असं झालं. दुसरं मला जमेना. माझ्या शब्दावर जाऊ नको. रवळू परत आला असेल, त्याला विचार.

एकच मागतो. आता डावा निघाला म्हणून विषय बदलू नको. तसं केलंस तर पोरगी परत पाकळीवरच गेली. बदललास तर तिला विचारून बदल, ठेवलास तरी तिला विचारून ठेव.

तुझा,
भीमसेन

•

निपाणी
१६ जुलै १९८३

प्रिय भावकू,

काल पंधरा तारीख गेली. तुझं काहीच आलं नाही. रागावला असशील तर शिव्या लिही, पण लिही. अंजनाला मी अजून एक अक्षरही पाठवलेलं नाही.

भीमसेन

•

कुसळवाडी
१९ जुलै १९८३

प्रिय भीमसेन,
सप्रेम नमस्कार.

तुझं कार्ड काल मिळालं. रागावलो होतो. देवावर रागावता येत नाही, म्हणून तुझ्यावर. दोन दिवस तसाच होतो. शेतात भातलावणीचा चिखल चालला होता, त्या बैलांवरही ओरडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. रवळू नातवाचे पेढे घेऊन परत आला होता आणि वाती वळत बसला होता. मी विचारलं, "रवळू, कौलाचा उजवा कुठला रं?"

"कुठला म्हंजी? उजवा त्यो उजवा."

"आपला का द्येवाचा?"

त्यानं वात खाली ठेवली. "भावकू आप्पा, पन्नाशीला आलासा की. कौल देतंय कोन? द्येव देतोय. मग उजवा बी त्येचाच. तुमचा उजवा घरात वैनीला दावा जावा."

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. मी म्हटलं, "परत लावूया का?"

"एका गोष्टीला दोनदा लागत न्हाय आप्पा. द्येवानं बरोबर सांगितलंय. वाचनाराच आडानी निगाला तर त्येनं काय करावं?"

तो फुलं काढायला बाहेर गेला. मग मी एक धाडस केलं. देवाच्या पाया पडलो, त्याची परवानगी मागितली, आणि त्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, तो बघतो तिकडं तोंड करून उभा राहिलो. इतकी वर्षं या देवाकडं बघत आलो, तो काय बघतो ते कधी बघितलं नव्हतं.

बाहेर धुकं होतं, पण वर ऊन चढत होतं, त्यामुळं ते आतून उजळल्यासारखं दिसत होतं. आधी मंडपाची फरशी दिसली, आपण डोकी टेकायचो ती. ती देवाच्या नजरेच्या पुष्कळ खाली राहते, तिच्यासाठी त्याला मान वाकवावी लागेल. मग दार. आणि दारातून धुकं हळूहळू सरत गेलं तसा चिंचेचा बुंधा आला आणि त्याच्याखालचा कट्टा. अगदी सरळ रेषेत. देव बसल्या जागेवरून पहिलं काही बघत असेल तर तो कट्टा.

भीमसेन, मला आजवर वाटत होतं की तू बाहेर होतास.

याहून जास्त मला लिहिता येत नाही. दसऱ्याला ये. मी तुला आत चल म्हणणार नाही. दोघं कट्ट्यावर बसू. मी तिथं कधीच बसलेलो नाही.

देवाशेजारी उभा राहिल्यावर माझा उजवा हात आणि त्याचा उजवा हात एका बाजूला आले. तिथून मला ती सोमवारची सकाळ परत दिसली. पाकळी पडायच्या आधीच मी माझ्या उजवीकडच्या पाकळीवर डोळे लावून होतो. डावीकडची सुटली असती तर मी बहुतेक थोडा वेळ आणखी थांबलो असतो. महिनाभर देवाचं म्हणून जे वागवलं ते माझंच होतं, म्हणून ते निवत नव्हतं. आता डावा कळला. तेवढ्यावर सेक्शन बदलता आला असता, आणि सोपं होतं. पण तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना, आणि मनुबाईचं त्याहून जाईना.

शुक्रवारी, म्हणजे पंधरा तारखेलाच, बेळगावला निघालो. रात्रभर पाऊस पडून ओढ्याला पाणी आलं होतं. अलीकडं बसलो. खांद्यावर कुणी नाही, खुर्ची नाही, मी एकटाच, तरी पाणी उतरायची वाट बघणं तेच. एक पान वाहत आलं, माझ्यासमोर भोवऱ्यात दोनदा फिरलं आणि गेलं. उगवतीकडं. मला पहिल्यांदाच कळलं की मला त्याची वाट माहीत आहे. मलप्रभा, कृष्णा, समुद्र. जन्मभर या ओढ्याला मी नुसता अडसर समजत होतो. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा धोतर वर घेऊन उतरलो.

आक्काच्या घरी पोचलो तेव्हा दाजी मागावर होते. मला बघून त्यांनी माग थांबवला. तो थांबला की घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. म्हणाले, "काय पाव्हनं, न सांगता? पोरीनं तक्रार लावली काय?"

"न्हाय दाजी. मीच इचारायला आलोय."

अंजना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात पुस्तक. कॉलेजात जायच्या तयारीत. मी म्हटलं, "अंजना, तुला काय शिकायचंय?"

ती म्हणाली, "द्येवानं सांगितलंय न्हवं आप्पा?"

"द्येवाला इचारून झालं. तुला इचारायचं ऱ्हायलंय."

आक्का म्हणाली, "बोल की गं, बाप एवढा पान्यातनं आलाय."

अंजना पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मला आपला वडा शिकायचाय."

"वडा? पावसात आडवतोय त्यो?"

"व्हय. त्यो का फुगतोय, किती फुगतोय, कुठं अरुंद हुतोय. आप्पा, आपल्या वड्यावर पूल कुठं घालायचा ह्ये डाक्टरला ठावं नसतंय. पूल झाला तर डाक्टर आपल्या पायानं येतोय. आन् न्हाय आला तर मानूस तरी जातंय."

आता तिची मान वर होती. हे तू तिला लिहिलं असशील असं मला क्षणभर वाटलं. विचारलं. "भीमसेनकाकांनी कायबी लिवलेलं न्हाय," म्हणाली, आणि तिला त्याचा राग आलेला दिसला. तो तू आल्यावर निस्तर.

डॉक्टरीणबाई मी मनातल्या मनात किती वर्षं घडवली होती. पांढरा कोट, गळ्यात नळी, ओढ्याच्या अलीकडं येऊन उभी. ती तिथंच, आक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यावर, धुक्यासारखी विरली. वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण तिच्या मागं जी खरी पोरगी उभी होती, ती मला महिन्याभरानं परत दिसली.

दाजी म्हणाले, "म्हंजी शेवटाला नकाशेच इकनार म्हन."

"व्हय मामा. तुमाला फुकट. तेवढं टेशन बगून ठेवा."

दाजींनी हसत परत माग चालू केला, आणि त्या खडखडाटात आम्ही दोघं बाहेर पडलो. वाटेत मी तिला विचारलं, तुझ्या त्या मधल्या थेंबाचं पुढं काय झालं? तिला आश्चर्य वाटलं की मला ते माहीत आहे. म्हणाली, "त्यो थांबतोय आप्पा. वारा यायची वाट बगत."

कॉलेजातला क्लार्क कानडीत म्हणाला, सायन्सची जागा सोडून लोक आर्ट्सला येत नाहीत, आर्ट्सची सोडून सायन्सला जातात. तुम्ही उलटे कसे? मी कानडीतच सांगितलं, मुलीनं मागितलंय. अर्ज लिहिला तिनं, खाली सही मी केली. देवाचं नाव घेतलं, पण त्याला काही विचारलं नाही.

भूगोलाचा तास नुकताच सुरू झाला होता. शिपायानं आम्हाला वर्गापर्यंत नेलं. दार फळ्याच्या शेजारी, त्यामुळं मला पोरांची तोंडं दिसत होती आणि त्यांना माझं ओलं धोतर. सरांनी कागद वाचला, अंजनाकडं बघितलं आणि हातानं एक रिकामी जागा दाखवली. ती बाकांमधून चालत गेली आणि माझ्या डाव्या हाताच्या कडेला बसली. तिच्या उजव्या. तिथून तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मग फळ्याकडं.

मी दारातून मागं सरलो.

अंजनाला भूगोलाला घालून आलो, भीमसेन.

तुझा,
भावकू